माहितीचे घर ढगात, पत्ता मात्र जमिनीवर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशीची मनुष्यहानी मुंबईकर विसरू शकत नाहीत, आणि तिच्यापुढे बाकीचे नुकसान किरकोळच म्हणावे लागेल. तरीही पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. संगणक तर निकामी झाले होतेच. पण ज्यांनी माहितीची दुसरी प्रत काढून ती त्याच खोलीतल्या कपाटात ठेवली होती, त्यांची ती प्रतही चिखलात गेली होती.

वीस वर्षांनंतर, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातील देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्यांपासून सुरू झालेल्या या आगीने शेकडो सरकारी सेवा बंद पाडल्या. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या क्लाउड साठवण सेवेत ठेवत असत, ती सेवा या आगीत नष्ट झाली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. माहितीचा आकार फार मोठा असल्याने तिची प्रत अन्यत्र ठेवण्याची व्यवस्थाच केलेली नव्हती. डिजिटल कारभारात जगाच्या पुढे असलेल्या देशाने तीच चूक केली, जी आपल्याकडच्या तळमजल्यावरच्या कार्यालयाने केली होती. फरक एवढाच, की इथे कपाटाच्या जागी ‘क्लाउड’ हा शब्द होता.

‘आमचे सगळे क्लाउडवर आहे’ हे वाक्य आता बँकेपासून बालवाडीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते म्हणताना माहिती कुठेतरी वर, पाऊस आणि आगीच्या पलीकडे जाऊन बसली आहे, असा एक सुखद समज त्यात दडलेला असतो. तो समज किती खरा आणि किती खोटा, हे जाणून घ्यायचे तर या व्यवस्थेची दोन अंगे समजून घ्यावी लागतात. पहिले साठवणीचे, म्हणजे माहिती कुठे आणि कशी ठेवली जाते. दुसरे जाळ्याचे, म्हणजे ती कोणत्या रस्त्याने येते-जाते आणि दाराशी पहारा कोणाचा असतो.

ढग म्हणजे कोणाचा तरी संगणक

संगणकांच्या जाळ्याचे आराखडे काढताना अभियंते आपल्या हद्दीबाहेरचा, तपशिलात न जाता दाखवायचा भाग ढगाच्या आकाराने दाखवत असत. तोच ढग पुढे या सेवेचे नाव बनला. केंद्र सरकारने तर आपल्या क्लाउड उपक्रमाला ‘मेघराज’ असे नाव दिले. प्रत्यक्षात ढगात काहीच नसते. मोठमोठ्या इमारती, त्यांत रांगेने लावलेले हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे, डिझेलचे जनित्र आणि जमिनीखालून येणाऱ्या प्रकाशतंतूंच्या तारा, असे हे अगदी पार्थिव प्रकरण आहे. ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात अशा इमारती रस्त्यावरूनही दिसतात.

मग यात नवे काय? नवे आहे ते वापराचे स्वरूप. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत. ग्राहकाला हवे तेव्हा स्वतःच सेवा घेता यावी, ती जाळ्यावरून मिळावी, एकाच साधनसंपत्तीतून अनेक ग्राहकांची गरज भागावी, गरजेनुसार ती झटपट वाढवता वा कमी करता यावी आणि वापराचे मोजमाप व्हावे. घरात विजेचे बटण दाबताना आपण वीज केंद्राला पत्र लिहीत नाही. मीटर फिरतो आणि महिन्याअखेर बिल येते. संगणकशक्तीचे आणि साठवणीचे असेच मीटर बसवणे म्हणजे क्लाउड.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस-थ्री’ ही साठवण सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ ही संगणक भाड्याने देणारी सेवा आणली, तेव्हा या व्यवसायाला आजचे रूप येऊ लागले. एक गिगाबाइट माहिती महिनाभर ठेवण्यास तेव्हा १५ सेंट पडत. भारतात केंद्रे यायला मात्र वेळ लागला. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रे सुरू केली, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत, तर गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच पाय रोवले.

एक शहर, अनेक इमारती

क्लाउड कंपन्यांच्या परिभाषेत ‘रीजन’ आणि ‘झोन’ हे दोन शब्द वारंवार येतात. रीजन म्हणजे एक भौगोलिक विभाग; मुंबई हा त्यांपैकी एक. झोन म्हणजे त्या विभागातील एक किंवा अधिक इमारतींचा स्वतंत्र गट. प्रत्येक झोनचा वीजपुरवठा, शीतकरण आणि जाळ्याच्या जोडण्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. ॲमेझॉनच्या रचनेत एका विभागातील झोन एकमेकांपासून काही किलोमीटर दूर, पण शंभर किलोमीटरच्या आत असतात. एका इमारतीला आग लागली तर दुसरी वाचावी इतके दूर, आणि दोन्हीकडे एकाच वेळी माहिती लिहिताना विलंब जाणवू नये इतके जवळ, असा हा तोल आहे.

तो नसला तर काय होते, हे १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे दिसले. ओव्हीएच या युरोपीय कंपनीच्या केंद्रातील एक इमारत आगीत पूर्ण नष्ट झाली. ज्या ग्राहकांनी प्रती अन्यत्र ठेवल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. म्हणून सेवा घेताना ‘क्लाउडवर आहे का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘किती इमारतींत आहे?’ हा खरा प्रश्न.

साठवणीचे तीन प्रकार

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात एक मध्यम आकाराचे निदान केंद्र आहे. रोज शे-दोनशे रुग्ण येतात. त्यांची नावे, तपासण्या आणि बिले एका डेटाबेसमध्ये नोंदवली जातात. अहवालांचे नमुने आणि कार्यालयीन कागदपत्रे सर्व कर्मचारी मिळून वापरतात. आणि क्ष-किरण व सीटी स्कॅनच्या प्रतिमा दररोज साचत जातात. हे तीन प्रकारचे काम आहे आणि त्यासाठी क्लाउडमध्ये तीन प्रकारची साठवण मिळते.

पहिली ‘ब्लॉक’ साठवण. ही म्हणजे भाड्याच्या संगणकाला जोडलेली कोरी डिस्क. ती समान आकाराच्या छोट्या खणांत विभागलेली असते आणि कोणत्या खणात काय ठेवायचे ते संगणकच ठरवतो. डेटाबेसमध्ये एका रुग्णाच्या नोंदीतला एकच आकडा बदलायचा असेल तर नेमका तेवढा खण उघडून बदल करता येतो, तोही क्षणार्धात. म्हणून डेटाबेससाठी ही साठवण योग्य. मात्र अशी डिस्क सामान्यतः एकाच संगणकाला जोडतात, आणि ॲमेझॉनच्या सेवेत ती एकाच झोनमध्ये असते. तो झोन बंद पडला की डिस्कही बंद. काही भाड्याच्या संगणकांसोबत तात्पुरती डिस्कही मिळते; ती अतिशय वेगवान असते, पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तिच्यावरचे सारे पुसले जाते. हे ठाऊक नसल्याने फसणारे नवशिके थोडे नाहीत.

दुसरी ‘फाइल’ साठवण. कार्यालयातले सामायिक कपाट डोळ्यांसमोर आणा. कप्प्यात फायली, फायलीत कागद, आणि ते अनेकजण काढू-ठेवू शकतात. फोल्डरची उतरंड आणि एकाच वेळी अनेक संगणकांना प्रवेश ही तिची खूण. आपल्या निदान केंद्राचे अहवालांचे नमुने इथे ठेवावेत.

तिसरी ‘ऑब्जेक्ट’ साठवण. ही रेल्वे स्थानकावरच्या सामान-घरासारखी असते. आपण बॅग देतो, पावती घेतो. बॅग कोणत्या फळीवर ठेवली याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. पावती दाखवली की ती मिळते. पण तिथे उभे राहून बॅगेतला एक सदरा बदलता येत नाही. बॅग बाहेर घ्यायची, सदरा बदलायचा आणि सगळी बॅग पुन्हा जमा करायची. ऑब्जेक्ट साठवणीत प्रत्येक वस्तूला एक नाव, म्हणजे पावतीचा क्रमांक असतो, आणि बदल करायचा म्हणजे ती वस्तू पूर्ण नव्याने ठेवायची. या बंधनाच्या बदल्यात दोन मोठे लाभ मिळतात. जागा जवळजवळ अमर्याद असते, आणि ‘एस-थ्री’च्या प्रमाणित वर्गात ठेवलेली प्रत्येक वस्तू आपोआप किमान तीन झोनमध्ये साठवली जाते. एकदा काढलेला क्ष-किरण फोटो पुन्हा कोणी बदलत नाही, फक्त पाहतो. त्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

पोटमाळ्यावरच्या रजया

मुंबईच्या घरात रोजचे कपडे हाताशी असलेल्या कपाटात असतात आणि रजया पोटमाळ्यावर. काढायला शिडी लागते, पण वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूसाठी हाताशी असलेला खण कोण अडवील? क्लाउडमध्येही असेच थर असतात. नेहमी लागणाऱ्या माहितीचा ‘उष्ण’ थर महाग, पण तत्काळ उत्तर देणारा. क्वचित लागणाऱ्या माहितीचा ‘शीत’ थर स्वस्त, पण सावकाश.

ॲमेझॉनच्या अमेरिकेतील प्रमुख विभागात प्रमाणित थरात एक गिगाबाइट महिनाभर ठेवण्याचा दर २.३ सेंट आहे. सर्वांत खोल शीत थरात तो सुमारे एक दशांश सेंट पडतो, म्हणजे वीसपटींहून अधिक स्वस्त. पण तिथून माहिती परत मागवायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, मागवण्याचे शुल्क वेगळे, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी १८० दिवसांचे भाडे भरावे लागते. पाच वर्षांपूर्वीचे स्कॅन शीत थरात ठेवणे शहाणपणाचे. पण कालच्या रुग्णाचा स्कॅन तिथे गेला तर शस्त्रक्रियेच्या मेजावर डॉक्टरांना बारा तास वाट पाहावी लागेल. स्वस्त दर पाहून भुलण्याआधी ‘ही वस्तू घाईत लागेल का?’ असे स्वतःला विचारावे.

सोसायटी, विंग आणि रखवालदार

साठवण म्हणजे घर, तर जाळे म्हणजे वस्ती. एकाच इमारतीत, कित्येकदा एकाच यंत्रावर, शेकडो ग्राहकांचे काम चाललेले असते. मग एकाची माहिती दुसऱ्याला दिसत कशी नाही? त्यासाठी प्रत्येक ग्राहकाला स्वतःचे आभासी खासगी जाळे आखून दिले जाते. ॲमेझॉनने ही सोय २००९ मध्ये ‘व्हीपीसी’ या नावाने आणली. आज ती सर्वच प्रमुख कंपन्यांकडे आहे. एका मोठ्या भूखंडावर कुंपण घालून वसवलेली आपली स्वतंत्र गृहनिर्माण सोसायटी, असे तिला म्हणता येईल.

या सोसायटीत प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो. आपल्या घरच्या वाय-फाय यंत्रावर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा अनेकांनी पाहिला असेल. १९९६ मध्ये ठरलेल्या संकेतानुसार १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. ‘फ्लॅट क्रमांक ३०२’ प्रत्येक सोसायटीत असतो. पण सोसायटीचे नाव नसेल तर त्या पत्त्यावर पोस्टमन येऊ शकत नाही. खासगी पत्ता असाच असतो. आतल्या आत ओळख पटते, बाहेरच्या जगातून थेट पोहोचता येत नाही.

सोसायटीच्या विंग असाव्यात तसे या जाळ्याचे ‘सबनेट’ पाडले जातात. २५६ पत्त्यांचे एक सबनेट घेतले तर ॲमेझॉन त्यातले पाच स्वतःसाठी ठेवते, उरतात २५१. आपल्या निदान केंद्राने दोन सबनेट घ्यावेत. एकाला रस्त्याकडे उघडणारे फाटक असते. त्याला ‘इंटरनेट गेटवे’ म्हणतात. रुग्ण ज्या संकेतस्थळावर अहवाल पाहतात, त्याचा संगणक या विंगमध्ये. दुसऱ्या विंगला रस्त्याकडे फाटकच नाही, तिथे डेटाबेस. रुग्ण संकेतस्थळाशी बोलतो, संकेतस्थळ डेटाबेसशी बोलते, पण बाहेरचा माणूस डेटाबेसच्या दारापर्यंत जाऊच शकत नाही.

मग आतल्या संगणकाला बाहेरून काही मागवायचे असेल तर? समजा, सॉफ्टवेअरची दुरुस्ती आणायची आहे. त्यासाठी ‘नॅट गेटवे’ असतो. सोसायटीच्या कार्यालयाने सर्व रहिवाशांची पत्रे आपल्या पत्त्यावरून धाडावीत आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवावे, तसे हे काम. आतून बाहेर जाता येते, बाहेरून कोणी स्वतःहून आत येऊ शकत नाही.

पहारेकरी दोन. एक प्रत्येक फ्लॅटच्या दाराशी. त्याला ‘सिक्युरिटी ग्रुप’ म्हणतात. त्याच्याकडे फक्त परवानगीची यादी असते. यादीत नाही त्याला प्रवेश नाही. शिवाय त्याची स्मृती तल्लख असते. आतून कोणी निरोप पाठवला असेल तर त्याचे उत्तर घेऊन येणाऱ्याला तो अडवत नाही. दुसरा विंगच्या दाराशी. त्याचे नाव ‘नेटवर्क एसीएल’. हा येणारा आणि जाणारा यांची स्वतंत्र तपासणी करतो, आणि मघाशी कोण गेले ते याच्या लक्षात राहत नाही. म्हणून त्याला दोन्ही दिशांचे नियम वेगळे लिहून द्यावे लागतात. एकाच दिशेचा नियम लिहून ‘संपर्क का होत नाही’ म्हणून रात्र जागवलेले तंत्रज्ञ कमी नसतील.

नियम लिहिताना केवळ पत्ता नव्हे, तर कोणत्या दारातून यायचे तेही ठरवावे लागते. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळाचे दार ४४३ क्रमांकाचे. ते सर्वांसाठी उघडे असणे रास्त. पण मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचे दार ३३०६ क्रमांकाचे असते. ते ‘कोणालाही प्रवेश’ अशा नियमाने उघडे ठेवणे म्हणजे तिजोरी फुटपाथवर मांडणे. जगभर स्वयंचलित यंत्रणा अशी उघडी दारे अहोरात्र चाचपत असतात, आणि लहान केंद्र म्हणून त्या कोणाला सूट देत नाहीत.

अंतराची किंमत

सोसायटीच्या बाहेर पडलो की खरा रस्ता लागतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटर धरले तर जाऊन येण्यास दीड मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे अनेक मोठी केंद्रे आहेत. ते सुमारे तेरा हजार किलोमीटरवर. तिथे जाऊन येण्यास किमान १३० मिलिसेकंद हवेत, आणि तारा सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात अधिकच लागतात. एखादे पान उघडताना अशा दहा फेऱ्या एकामागून एक झाल्या तर सेकंदाहून अधिक वेळ नुसता प्रवासात जातो. कितीही पैसे मोजले तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. केंद्र जवळ घेणे हाच उपाय.

दुसरा उपाय वितरणाचा. दूध पिण्यासाठी कोणी गोठ्यापर्यंत जात नाही. कोपऱ्यावरच्या दूध केंद्रातून पिशवी आणतो. तसेच लोकप्रिय छायाचित्रे, चित्रफिती आणि पाने यांच्या प्रती शहरोशहरी ठेवणाऱ्या यंत्रणेला ‘सीडीएन’ म्हणतात. क्रिकेटचा सामना एकाच वेळी कोट्यवधी लोक मोबाइलवर पाहू शकतात, त्यात या यंत्रणेचा वाटा मोठा आहे.

रस्ता मात्र तुटू शकतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रातील तारांना इजा झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड ग्राहकांनाही विलंबाचा अनुभव आला. कधी तारा शाबूत असतात, पण पत्त्याची वही चुकते. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला ‘डीएनएस’ म्हणतात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया विभागात एका डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी स्वयंचलित यंत्रणेतील दोषामुळे रिकाम्या झाल्या, आणि जगभरातील अनेक संकेतस्थळे व ॲप तासन्‌तास कोलमडली. माहिती जागच्या जागी होती. तिचा पत्ता तेवढा हरवला होता.

अकरा नऊ आणि एक चूक

इथे दोन शब्दांतला भेद नीट समजून घ्यायला हवा. ‘टिकाऊपणा’ म्हणजे माहिती नष्ट न होणे आणि ‘उपलब्धता’ म्हणजे ती हवी तेव्हा मिळणे. ‘एस-थ्री’चा टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे अकरा नऊ, इतका राखण्याच्या दृष्टीने रचना केल्याचे कंपनी सांगते. एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी गमवावी, असा याचा अर्थ. उपलब्धतेचे आकडे मात्र इतके भव्य नसतात. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्यात ४३ मिनिटे सेवा बंद राहू शकते, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे सव्वाचार मिनिटे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चूक केली, नको इतके संगणक बंद झाले आणि व्हर्जिनियातील ‘एस-थ्री’ सुमारे चार तास विस्कळीत राहिली. माहिती गेली नाही, पण मिळतही नव्हती.

आणि अकरा नऊंचे हे कवच यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नव्हे. आपणच एखादी फाइल पुसली तर तिच्या तिन्ही झोनमधल्या प्रती तितक्याच निष्ठेने पुसल्या जातात. अनेक प्रती असणे आणि बॅकअप असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलमधील छायाचित्रांचेही असेच. क्लाउडशी जुळवलेल्या ॲपमधून फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही पुसला जातो. परत मिळवण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली की काही करता येत नाही.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीला हा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. सहा लाखांहून अधिक सभासद असलेल्या या निधीचे गुगलकडचे खासगी क्लाउड खातेच एका चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले. दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रतीही त्याच खात्याबरोबर गेल्या. सभासदांना आठवडाभराहून अधिक काळ आपले खाते पाहता आले नाही. निधी सावरला तो दुसऱ्या कंपनीकडे वेगळ्या प्रती ठेवल्या होत्या म्हणून. देजॉन आणि युनिसुपर यांतला फरक तंत्रज्ञानाचा नाही. त्या एका दूरच्या प्रतीचा आहे.

आत येणे फुकट, बाहेर पडताना टोल

बिलाकडेही लक्ष हवे. क्लाउडमध्ये माहिती आत नेण्यास बहुधा शुल्क नसते. बाहेर काढण्यास असते. ॲमेझॉनकडे दरमहा पहिले १०० गिगाबाइट मोफत आणि त्यापुढे अमेरिकेतील विभागांत गिगाबाइटला ९ सेंटपासून दर सुरू होतो. म्हणजे एक गिगाबाइट चार महिने ठेवण्याच्या खर्चाइतका खर्च ते एकदा बाहेर काढण्यास येऊ शकतो. कंपनी बदलू पाहणाऱ्या ग्राहकाचे पाय यामुळेच अडतात. युरोपीय संघाचा यासंबंधीचा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्या आधीच, २०२४ मध्ये, गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. रोजच्या वापराचा टोल मात्र कायम आहे.

जबाबदारी कोणाची?

क्लाउड कंपन्यांचे करार एक तत्त्व स्पष्टपणे सांगतात. इमारत, यंत्रे आणि तारा यांची जबाबदारी कंपनीची; आत काय ठेवले, कोणते दार उघडे ठेवले आणि किल्ली कोणाला दिली, याची जबाबदारी ग्राहकाची. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या दहा कोटींहून अधिक ग्राहक आणि अर्जदारांची माहिती चोरीस गेली, ती केंद्राची भिंत फोडून नव्हे. सुरक्षा यंत्रणेच्या चुकीच्या मांडणीतून वाट मिळाली होती. अशा घटनांनंतर कंपन्यांनीही नियम कडक केले. २०२३ पासून ‘एस-थ्री’मध्ये नवी साठवण मुळातच सार्वजनिक प्रवेश बंद ठेवून मिळते आणि नवी माहिती आपोआप सांकेतिक स्वरूपात साठवली जाते.

आपल्याकडचा कायदाही त्याच दिशेने जात आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देण्या-घेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यानुसार माहितीची वाजवी सुरक्षा राखण्यात कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साठवणीचे काम दुसऱ्या कंपनीवर सोपवले तरी ज्याने लोकांकडून माहिती घेतली त्याचे उत्तरदायित्व संपत नाही. पुण्याच्या निदान केंद्राला रुग्णाने आपला स्कॅन विश्वासाने दिलेला असतो. तो रुग्ण क्लाउड कंपनीला ओळखतही नाही.

याचा अर्थ क्लाउड टाळावे असा मुळीच नाही. तळमजल्यावरच्या एकट्या संगणकापेक्षा तीन इमारतींत विखुरलेली माहिती कितीतरी सुरक्षित असते, आणि लहान व्यवसायाला एवढी यंत्रणा स्वतः उभारणे कधीच परवडले नसते. फक्त ढगाच्या भरवशावर निश्चिंत होऊ नये. कार्यालय असो वा घर, चार प्रश्न विचारावेत. माझी माहिती कोणत्या शहरात आणि किती इमारतींत आहे? तिच्याकडे जाणारी कोणकोणती दारे उघडी आहेत? ती परत हवी असल्यास किती वेळ आणि किती पैसे लागतील? आणि हे खातेच उद्या नाहीसे झाले, तर एक प्रत आणखी कुठे आहे?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञ देऊ शकतील. चौथ्याचे उत्तर आपल्यालाच आधी तयार ठेवावे लागते. पावसाळा येण्यापूर्वी आपण घराचे छप्पर तपासतो, तसेच.